खिडकीखालचा पिठाचा हात

तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमच्या अपघात चौकशीच्या अहवालाचं एकोणिसावं पान, खालून चौथी ओळ: ‘उड्डाणापूर्वी, सात वाजून दहा मिनिटांनी, विमान नाकापासून शेपटीपर्यंत बर्फ उतरवणाऱ्या गरम द्रवाने धुण्यात आले.’ कुणीही धुतलं नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. त्या एका ओळीच्या जोरावर पुढच्या पानावर ‘वैमानिकाची चूक’ असं लिहून तुम्ही मोकळे झालात, आणि आमच्या धावपट्टीच्या कडेला काळा दगड उभा करून त्यावर चौदा नावं कोरलीत. विमानात पंधरा माणसं होती.

पंधरावा कदमशो. वैमानिक, वय एकतीस. त्याच्या शेजारी बसलेल्या मदतनीस वैमानिकाचं नाव दगडावर आहे, पहिल्यांदाच विमानात बसलेल्या मेंढपाळाचं आहे, चार महिन्यांच्या मुलीचंसुद्धा आहे. कदमशोचं नाही. त्याची आई सवसनमो शिरगीनच्या विमानतळाच्या खानावळीत सव्वीस वर्षं तंदूरवर नान भाजते आहे. दगडाचा पडदा उघडलात त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी तिच्याच हातचे नान खाल्लेत. दोघांनी तर जाताना कागदात बांधून घेतले.

मी ओदिल. बाजारात टायरवाल्याच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मला कुणी काही शिकवलेलं नाही. बिघडलेल्या वस्तू उघडत गेलो, तेवढंच शिक्षण. लोकांचे अर्जही मीच लिहितो, कारण साहेबांना कळेल अशा भाषेत लिहिणारे इथं दोघंच, आणि दुसरा दुपारनंतर शुद्धीवर नसतो. आणि मी विमानं बनवतो. खोटी, कॉम्प्युटरवर उडवायची.

हसू नका. निम्मं शिरगीन मॉस्कोत विटा उचलतं. घरी यायचं तर राजधानीपर्यंत एक विमान आणि तिथून दरीत शिरणारं आमचं हे छोटं, दोन पंख्यांचं, सतरा जणांचं. तेही हवामानाची मर्जी असेल तर. म्हणून मी आमची दरी बनवली. नदी, दोन्ही बाजूंचे डोंगरकडे, धावपट्टी, शाळेचं पत्र्याचं छप्पर. मॉस्कोत रविवारी एका खोलीत आठजण बसतात, एकजण उडवतो आणि सातजण ओरडतात, ‘हळू घे की जरा, आमचं घर गेलं!’ दरी झाली, मग ते म्हणाले की विमानही आपलंच पाहिजे. म्हणून मी त्याचे फोटो गोळा करायला लागलो. कदमशो स्वतः येऊन आतल्या घड्याळांचे फोटो देऊन गेला होता. वर म्हणाला, “सीटवरचा चहाचा डागसुद्धा घे, नाहीतर ते माझं विमान वाटायचं नाही.”

बाहेरच्या अंगाचा, डाव्या बाजूचा चांगला फोटो मात्र मिळत नव्हता. तो मिळाला जानेवारीत.

आमच्यातलाच बख्तोवर अपघाताच्या सकाळी भावाला, नझरशोला, विमानात बसवायला गेला होता. आठ वाजून पाच मिनिटांनी त्याने फोटो काढला: नझरशो शिडीवर, मागे वळून हात हलवतोय, आणि विमानाची अख्खी डावी बाजू, नाकापासून दारापर्यंत. विमान उडालं आणि बख्तोवर थेट माझ्या दुकानात आला. “घे, ओदिल आका, तुझ्या विमानाला कपडे आणलेत,” म्हणाला. आका म्हणजे आमच्याकडे दादा. तेव्हा आमच्याकडे फोन असले तरी इंटरनेट कासवाचं. ब्लूटूथवर एक फोटो यायला चहा संपेस्तोवर वेळ लागायचा. फोटो येत होता. पाऊण आला असेल तेवढ्यात टायरवाला आत आला. टोपी काढून हातात घेऊन नुसता उभा राहिला. आमच्याकडे माणूस अशी टोपी कशासाठी काढतो हे सांगावं लागत नाही.

फोटो पूर्ण आला. मी तो दोन महिने उघडला नाही.

आठवड्याभरात तुमची समिती आली आणि त्या सकाळी विमानतळावर असलेल्या सगळ्यांचे फोन घेऊन गेली. सात फोन. प्रत्येकाला शिक्का मारलेली पावती दिलीत, हे मान्य करतो. बख्तोवर पुढे मॉस्कोला गेला. भाऊ गेला, आता घर त्याच्याच खांद्यावर.

मार्चमध्ये मी विमान पुरं केलं. उड्डाणं बंद झाली होती, दरीत येणारं ते एकच विमान आता उरलं होतं, माझं. जुन्या मशीनवर चालावं म्हणून फोटो लहान करून त्याचं कातडं बनवलं. विमानाच्या सांगाड्यावर जे रंगीत चित्र गुंडाळतात त्याला आम्ही कातडंच म्हणतो. पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी बख्तोवरचा फोन.

“आका, हे विमान आहे की भिजलेला साबण?”

“का रे?”

“नंबर वाचता येत नाही. दारावरचं ‘इथे धरू नये’ वाचता येत नाही. जवळ गेलं की सगळं धुकं.”

“तुझं मशीन म्हातारं आहे.”

“मशीन म्हातारं आहे, मी नाही. ऐक ना.” मग म्हणाला, “नझरशो ज्या दारातून चढला ते दार तरी नीट दिसू दे.”

लागलो कामाला.

या धूसरपणाची तीन कारणं असतात. पहिलं: सिम्युलेटरच्या, म्हणजे ज्यात ही खोटी विमानं उडतात त्या प्रोग्रामच्या, सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ असते, कातडं जास्तीत जास्त किती मोठं दाखवायचं ते सांगणारी. तिथला आकडा चौपट केला की विमान लख्ख होतं. पण पुढच्या वेळी तुम्ही आवाज जरी कमी केलात तरी प्रोग्राम ती ओळ गुपचूप पहिल्यासारखी करून टाकतो. मॉस्कोतल्या प्रत्येकाला हे मी दहादा समजावलं. दुसरं: कातड्याच्या फाइलमध्ये त्याच चित्राच्या लहान लहान प्रती असतात, विमान दूर असताना दाखवायला. प्रोग्राम आळशी, जवळ आलं तरी लहानच पुढे करतो. त्या काढल्या. तिसरं कारण सगळ्यात साधं. चित्रच लहान असेल तर कुणाचा बाप ते मोठं करू शकत नाही. मूळ फोटोकडे परत जावं लागतं.

मी गेलो. फोटो उघडला आणि एक दुपार नुसता नझरशोकडे बघत बसलो. मग त्याला फोटोतून काढला. विमानाच्या कातड्यावर माणूस ठेवता येत नाही. मग साफसफाई. काचेवरची चमक काढली. दारापाशी उडालेला चिखल काढला. वैमानिकाच्या खिडकीखाली एक पांढरट फराटा होता, वरून खाली ओघळल्यासारखा. मला वाटलं, बख्तोवरचा हात हलला असेल, नाहीतर बर्फ. शेजारचा निळा रंग उचलला आणि त्यावर फिरवला. चार वेळा. गेला.

शिकलेला माणूस अशा वेळी आधी प्रत काढून ठेवतो. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझी डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. मी मूळ फाइलवरच काम केलं आणि तिच्यावरच साठवलं.

विमान असं झालं की खिळा न् खिळा मोजावा. मॉस्कोत लोक रडले. बख्तोवर म्हणाला, “आता दार उघडून आत जावंसं वाटतं.” मला माझाच अभिमान वाटला. तो लिहून ठेवतो, कारण पुढे त्याचं काय झालं तेही लिहायचं आहे.

सप्टेंबरात तुमचा अहवाल आला. ऑक्टोबरात कळलं की दगडाची नावं ठरली आणि कदमशो त्यात नाही. नोव्हेंबरात सवसनमो दुकानात आली. आम्ही सगळे तिला खोला म्हणतो, म्हणजे मावशी.

“बसा, खोला. चहा सांगू?”

“तुझा चहा म्हणजे गरम पाण्याला दाखवलेली भीती. राहू दे. अर्ज लिही.”

“कुणाला?”

“जो दगड कोरतो त्याला नको. जो त्याला कागद देतो त्याला. लिही की माझ्या पोराचं नाव घाला. सगळ्यांत खाली चालेल. बारीक अक्षरात चालेल.”

मी कागद घेतला. आणि तिला जरा बरं वाटावं म्हणून, देवा, बरं वाटावं म्हणून, मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. “हे बघा आधी. त्याचं विमान. नंबर बघा, दार बघा.”

ती वाकली. चष्मा कपाळावरून खाली घेतला. नंबराकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तिचं बोट थेट वैमानिकाच्या खिडकीखाली गेलं आणि तिथंच थांबलं.

“माझा हात कुठंय?”

“कसला हात?”

“पिठाचा.”

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या उजव्या खांद्यावर पीठ टाकतात. नवरीवर टाकतात, पाहुण्यावर टाकतात, मॉस्कोला निघालेल्या प्रत्येकाच्या कोटावर टाकतात. कदमशोच्या गडद निळ्या गणवेशावर ते फार दिसायचं. बाकीचे वैमानिक चिडवायचे, ‘आला बघा गिरणीवाला.’ तेव्हा मायलेकांचा तह झाला: पीठ त्याच्या खांद्यावर नाही, विमानाच्या. तो डावीकडे बसतो म्हणून डावा खांदा, त्याच्या खिडकीखाली. पहाटे सहाला, पहिली कणीक मळून झाली की ओल्या हातालाच कोरडं पीठ लावून ती नान भरायच्या खोक्यावर चढायची आणि पंजा उमटवायची. सात वाजता आतलं फाटक बंद व्हायचं. त्यानंतर खानावळीच्या माणसांना विमानापाशी जाता येत नसे. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. पण हात कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. आणि जो पाहिला तो हातासारखा नव्हता.

“त्या दिवशी काढला होतात?” मी विचारलं.

“काढला होता की. पण नीट उमटला नाही. सरकला.”

“सरकला म्हणजे?”

“पत्रा काचेसारखा होता. गार आणि गुळगुळीत. हात ठेवला तो असा खाली घसरत गेला.” तिने हवेतच हात खाली ओढला. “मी म्हटलं, परत काढते. तोवर तंदूरवाल्या पोरी हाका मारायला लागल्या.”

काचेसारखा. साहेब, तुमच्या अहवालाला जोडलेल्या नियमांतच लिहिलंय की पारदर्शक बर्फ डोळ्याला दिसत नाही, हाताला लागतो. तो हाताला लागला होता, पहाटे सहा वाजता, एका स्वयंपाकिणीच्या हाताला.

मी अहवाल काढला आणि एकोणिसावं पान मोठ्याने वाचलं. सात दहाला गरम द्रवाने धुतलं, नाकापासून शेपटीपर्यंत. मग ओल्या पिठाचा फराटा आठ पाचला तिथं कसा होता? गरम पाण्यानेही जे जातं ते तुमच्या द्रवाने सोडलं असतं? धुतलंच नव्हतं. अंगावर बर्फ घेऊन उडालं ते, म्हणूनच पडलं.

“खोला, तुम्ही हे समितीला सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं, पोरगा पितो का. विचारलं, बायकोशी पटत होतं का. मी म्हटलं, साहेब, त्याने माझ्यासमोर चहा पिताना विमानतळाच्या मुख्याला विचारलं होतं, ‘द्रव फवारला का?’ आणि तो म्हणाला होता, ‘झालं, झालं, तू नीघ.’ तर म्हणाले, आईची साक्ष आहे ही. हाताचं कुणी विचारलं नाही.” मग तिचा आवाज खाली गेला. “सव्वीस वर्षं तिथं राबतेय, ओदिल. मला वाटलं, जानेवारीत पत्रा असाच असतो. मी त्याला नुसतं म्हटलं असतं, बाळा, आज हात घसरतोय...”

ते वाक्य तिने पुरं केलं नाही. अजून केलेलं नाही.

आता माझी पाळी होती. मी म्हणालो, “खोला, फोटोत तो हात होता. मला वाटलं फोटो हललाय. मी पुसला.”

तिने चष्मा परत कपाळावर सारला. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, “तू साफ करायला गेलास. तुला काय माहीत.”

तीन दिवस मी डिस्क उकरली. फाइल परत मिळवायचे जेवढे प्रकार येतात तेवढे केले. जिच्यावर साठवलं ती फाइल परत येत नाही. शेवटी बख्तोवर आठवला. त्याच्याकडे मार्चमधलं पहिलं कातडं होतं, भिजलेला साबण. त्याने ते कधी काढून टाकलंच नव्हतं. पाठवलं. मी उघडलं. खिडकीखाली, निळ्यात, सहा पांढरे ठिपके.

लख्ख विमानात हात नव्हता आणि ज्या विमानात हात होता त्यात काहीच दिसत नव्हतं.

तरी मी ते छापून घेतलं, बख्तोवरच्या घरून त्याच्या फोनची पावती घेतली आणि दोन दिवस जीपमध्ये हाडं खिळखिळी करून तुमच्या दारात आलो. डिसेंबर होता. दगड अजून कोरायचा होता. तुमच्यातल्या एका साहेबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

“हे काय आहे?”

“पिठाचा हात.”

“मला तर कबुतराची करामत वाटते.” शेजारचा कारकून हसला. “आणि हे कुठलं विमान?”

“सिम्युलेटरमधलं. पण कातडं खऱ्या फोटोवरून बनवलंय. आठ पाचचा फोटो.”

“म्हणजे खेळातलं विमान पुरावा म्हणून आणलंस. शाबास. मूळ फोटो आण.”

“तो तुमच्याकडेच आहे. ज्या फोनवर काढला तो तुम्ही नेलात. ही पावती.”

“फोन तपासाच्या कागदांत आहे.”

“तपास संपला ना?”

“संपला म्हणूनच बंद आहे.”

“मग उघडा.”

“बंद तपासातलं काही उघडत नाहीत. तुझी प्रत कुठंय?”

मी पावतीची घडी घालायला लागलो.

“बोल की. तुझी प्रत?”

“मी पुसली.”

साहेब मनापासून हसले. “मग माझ्याकडे कशाला आलास, बाबा? आरशाकडे जा.”

दोन दिवसांच्या वाटेत मी ते वाक्य चावत आलो. त्यात एक खोट आहे, साहेब. मी पुसलं ते न कळून. आणि पुसल्यावर मी तसं सांगितलं.

मी परत आल्यावर बख्तोवरने फोनवर मार्ग सुचवला. “आका, खोलाचा हात आहे ना अजून? पिठात बुडव, फोटो काढ, खिडकीखाली चिकटव. तुझ्यासारखा कारागीर. खरा की खोटा कुणाला कळणार?”

खरं सांगतो, मोह झाला. सरकलेला हात कसा दिसतो ते मला चांगलं आठवत होतं. मी खोलाला बोलावलं. ती पीठ घेऊनच आली, रुमालात बांधून. मी निळा पत्रा तयार ठेवला होता. तिने हात ओला केला, पीठ लावलं, पत्र्यापर्यंत नेला आणि थांबली.

“हा पुरावा होईल का?”

“नाही,” मी म्हणालो. “उलट म्हणतील, आधीचाही असाच बनवला होता. पण निदान मॉस्कोतली पोरं बघतील. तुम्ही बघाल.”

तिच्या बोटांवरचं पीठ सुकायला लागलं होतं.

“हा आजचा हात आहे,” ती म्हणाली. “त्या दिवशीचा त्यांच्याकडे आहे. आजचा तिथं ठेवला तर त्यांचं फावेल. म्हणतील, मिळाला ना हात, मग आता कशाला मागता?” तिने हात मागे घेतला आणि ते पीठ माझ्या उजव्या खांद्यावर टाकलं, मी लांब निघालोय अशा थाटात. “तू एक कर. तेवढा तुकडा धूसर ठेव. आधी होता तसा.”

“लोक शिव्या देतील, खोला. म्हणतील, ओदिलला काम येत नाही.”

“देऊ दे. मलाही देतात. वैमानिकाची आई म्हणून.”

मी तसंच केलं. आज माझ्या विमानाचा प्रत्येक खिळा स्पष्ट दिसतो, दारावरची अक्षरं दिसतात, टायरवरच्या रेघा दिसतात. फक्त वैमानिकाच्या खिडकीखाली पंजाभर जागा धूसर आहे, आणि त्यात सहा पांढरे ठिपके. रोज कुणी ना कुणी लिहितं: तिथलं चित्र बिघडलंय, सेटिंगमधला आकडा बदलून पाहिला, काही होत नाही, कधी दुरुस्त करणार? मी प्रत्येकाला तुमच्या कचेरीचा पत्ता पाठवतो.

जानेवारीत दगड उभा राहिला. चौदा नावं, आणि खाली एका ओळीची जागा रिकामी, कारागिराने सोडलेली. त्याचं माप चुकलं असेल. किंवा त्याच्याही घरी पीठ असेल. खोला रोज पहाटे सहाला कणीक मळते. विमान येत नाही, पण रस्त्याचे कामगार खायला येतात.

पावती क्रमांक एकशे सदतीस. काळा फोन, वरच्या उजव्या कोपऱ्यात तडा. तुमच्या कुठल्यातरी कपाटात आहे. चार्जर लागला तर मी आणून देतो. चालू करा. जानेवारीचे फोटो उघडा, आठ वाजून पाच मिनिटांचा. शिडीवर नझरशो हात हलवत असेल. त्याच्या डावीकडे या, वैमानिकाच्या खिडकीखाली. आणि मला अर्जाचा नंबर नको, ‘योग्य ती कार्यवाही’ नको. एका शब्दात सांगा.

तिथं हात आहे की नाही?